हाडाशीं सोयरीक
(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

कुडाळ तालुक्यांतील वालावल हें गांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. कर्ली नदीच्या कांठचें हें गांव. तेथील लक्ष्मीनारायणाचें देवालय आणि त्याच्या शेजारचें विस्तीर्ण तळें पाहावयास लोक दुरून येतात. मला मात्र आज आपणांस देवळांत न्यावयाचें नाहीं. त्या बाजूच्या एखाद्या जुन्या घराच्या भिंतीपाशीं न्यावयाचें आहे. जांभ्या चिऱ्यांची भिंत आणि तिच्यावर चुन्याचा गिलावा. कांहीं पावसाळे गेले कीं घरधनी गवंड्याला बोलावतो. गवंडी येऊन काय करितो? तो भिंतीकडे फारसें पाहत नाहीं. थापीच्या मुठीनें जागोजाग ठोकीत जातो आणि कान देऊन ऐकतो. भरीव आवाज आला तर पुढें सरकतो. पोकळ आवाज आला तर कोळशानें खूण करितो. बाहेरून दोन्ही जागा सारख्याच पांढऱ्या; परंतु एके ठिकाणीं चुन्यानें दगड धरून ठेवलेला असतो, आणि दुसऱ्या ठिकाणीं त्यानें दगडाची संगत केव्हांच सोडलेली असते.

माझा आजचा विषय या गवंड्याच्याच प्रश्नाचा आहे. फक्त भिंतीच्या जागीं मनुष्याचा जबडा आहे. पडलेल्या दांताच्या जागीं हाडांत धातूचें मूळ बसवितात, ज्याला आपण आज ‘इम्प्लांट’ म्हणतों, तें मूळ हाडानें स्वीकारलें आहे कीं नाहीं, त्याच्यावर दिलेला लेप हाडाला आणि धातूला दोघांनाही धरून आहे कीं नाहीं, आणि धरून असेल तर किती बळानें, हें ओळखावें कसें? हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेंतला नाहीं. ज्याचे दांत गेले त्याची भाकरी गेली, उच्चार गेले, आणि चार माणसांत मोकळेपणानें हसणेंही गेलें. अशा माणसाला जें मूळ दिलें जातें तें पांच वर्षांनीं हलूं लागलें, तर त्याच्याबरोबर आजूबाजूचें हाडही झिजून जातें, आणि दुसरें मूळ बसविण्यास जागा उरत नाहीं. म्हणून पकड मोजण्याचा इतिहास हा एका अर्थानें वैद्यकाच्या सचोटीचाच इतिहास आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपला नैसर्गिक दांत हाडाला चिकटलेला नसतो. दांताचें मूळ आणि जबड्याचें हाड यांच्यामध्यें बारीक तंतूंचें एक अस्तर असतें; दांत त्या तंतूंवर जणूं पाळण्यासारखा टांगलेला असतो. कृत्रिम मुळाला हे तंतू नाहींत. त्याच्याभोंवतीं मऊ तंतुमय पेशीजाल वाढलें तर तें अस्तराचें काम न करितां मुळाला सैल करितें. तेव्हां कृत्रिम मुळाला एकच मार्ग मोकळा राहतो : हाडानें त्याला प्रत्यक्ष येऊन भिडलें पाहिजे.

हें भिडणें शक्य आहे याचा एक अतिप्राचीन पुरावा मध्य अमेरिकेंत सांपडला. १९३१ सालीं होंडुरासमधील उलुआ नदीच्या खोऱ्यांत पोपेनो दांपत्याला उत्खननांत माया संस्कृतीच्या काळांतला एक खालचा जबडा मिळाला. तो सुमारें इसवी सन ६०० चा मानतात. त्यांत पुढच्या तीन दांतांच्या जागीं दांतांच्या आकाराचे शिंपल्याचे तुकडे बसविलेले होते. मृताच्या शृंगारासाठीं ते मरणोत्तर घातले असावेत, अशी समजूत पुष्कळ काळ होती. १९७० सालीं ब्राझिलमधील बॉबिओ या दंतवैद्यानें त्या जबड्याची क्ष-किरणचित्रें पाहिलीं, तेव्हां तीनपैकीं दोन तुकड्यांभोंवतीं घट्ट हाड तयार झालेलें दिसलें. मेलेल्या माणसाच्या जबड्यांत हाड वाढत नाहीं. म्हणजे ते शिंपले जिवंत माणसाच्या तोंडांत बसविले होते, आणि हाडानें त्यांना आपलें म्हटलें होतें.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या माणसाला यांत कांहीं ओळखीचें वाटावें. आपल्याकडे शिंपले भट्टींत भाजून चुना करीत आणि त्या चुन्यानें घरें बांधीत. शिंपला म्हणजे कॅल्शियमचें कार्बोनेट. हाडांतला आणि दांतांतला खनिज भाग म्हणजे कॅल्शियमचें फॉस्फेट, ज्याला रसायनशास्त्रांत हायड्रॉक्सिॲपॅटाइट म्हणतात. दोघे एका गोत्राचे नव्हेत, पण शेजारचे खरे. हें शेजारपण किती जवळचें आहे तें १९७४ सालीं रॉय आणि लिनेहन या अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. पोंवळ्याचा सांगाडा त्यांनीं दाबाखालच्या तप्त पाण्यांत फॉस्फेटबरोबर ठेविला, आणि त्याची मूळची सच्छिद्र घडण तशीच राहून त्याचें हायड्रॉक्सिॲपॅटाइट झालें. मालवणच्या समुद्रांतही पोंवळीं आहेत. पण त्यांना हात लावूं नये हेंच बरें, कारण १९८७ पासून तेथें सागरी अभयारण्य आहे.

आतां धातूकडे वळूं. १७९१ सालीं इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतांतील विल्यम ग्रेगर नांवाच्या धर्मोपदेशकानें एका ओढ्यांतील काळी वाळू तपासली आणि तींत एक नवें मूलद्रव्य असल्याचें ओळखलें. चार वर्षांनीं जर्मनींतील क्लाप्रोट यानें त्याला टायटॅनियम हें नांव दिलें. अशीच काळी, जड वाळू रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कित्येक ठिकाणीं आढळते. तिच्यांतील इल्मेनाइट हें लोखंडाचें व टायटॅनियमचेंच खनिज आहे. परंतु वाळूंतून शुद्ध धातू काढणें फार कठीण. व्यवहारांत परवडेल अशी रीत क्रोल या शास्त्रज्ञानें बसविली, तिला १९४० उजाडावें लागलें.

योगायोग असा कीं, त्याच वर्षीं बोथे आणि त्याचे सहकारी प्राण्यांच्या हाडांत निरनिराळे धातू ठेवून पाहत होते. टायटॅनियमशीं हाड एकजीव होऊं पाहतें, अशी नोंद त्यांनीं केली. तिच्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९५१ सालीं लेव्हेंथॉल यानें उंदरांच्या मांडीच्या हाडांत टायटॅनियमचे स्क्रू बसविले. सहा आठवड्यांनीं ते मूळच्यापेक्षां किंचित् घट्ट झाले होते. बारा आठवड्यांनीं काढणें अवघड झालें. सोळा आठवड्यांनीं तर एका उंदराच्या बाबतींत स्क्रू काढूं जातां हाडच मोडलें. श्रोतेहो, हें मोडलेलें हाड म्हणजे आपल्या विषयांतलें पहिलें खरें मापन होय. स्क्रू सुटण्याआधीं हाड तुटलें. म्हणजे जोड हाडापेक्षांही बळकट होता.

पुढच्याच वर्षीं स्वीडनमधील लुंड येथें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होता. सशाच्या पायाच्या हाडांत त्यानें टायटॅनियमची एक सूक्ष्म नळी बसविली होती. तिच्यांतून सूक्ष्मदर्शकानें जिवंत हाडांतलें रक्त वाहतांना दिसे. काम झाल्यावर ती महाग नळी काढून दुसऱ्या सशासाठीं वापरावी हा त्याचा बेत; पण नळी निघेना. हाडानें तिला पक्कें धरलें होतें. दुसरा एखादा संशोधक चरफडून नवी नळी मागविता. ब्रोनेमार्कनें त्या हट्टी नळीचाच विषय आपल्या आयुष्याचा विषय केला. १९६५ सालीं त्यानें पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत टायटॅनियमचीं मुळें बसविलीं. स्वदेशांतील दंतवैद्यांनीं त्याला कित्येक वर्षें विरोध केला. धातू आणि जिवंत हाड यांचें असें मीलन होऊंच शकत नाहीं, हा तेव्हांचा पक्का सिद्धांत होता. १९८२ सालीं कॅनडांतील टोरांटो येथें परिषद भरली, आणि तेथें त्याच्या रुग्णांचीं अनेक वर्षांचीं निरीक्षणें मांडलीं गेलीं, तेव्हां कोठें जगानें मान हलविली.

विरोधकांवर सगळाच दोष ठेवणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. हाड धातूला भिडतें असें म्हणावयाचें, तर तें दाखवावयास हवें. आणि तेंच अवघड होतें. हाड सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्याची जुनी रीत म्हणजे आम्लानें त्यांतलें खनिज काढून तें मऊ करावयाचें आणि कापावयाचें. त्या रीतीनें धातू कापला जात नाहीं. तो उपसून काढावा लागतो, आणि तो उपसतांना जो सांधा पाहावयाचा तोच नष्ट होतो. बर्नचा आंद्रे श्रोडर यानें १९७६ सालीं खनिज न काढितां हाड आणि धातू एकत्र कापून त्यांचा प्रत्यक्ष स्पर्श दाखविला. १९८२ सालीं जर्मनींतील डोनाट यानें हाड आणि धातू राळेंत घट्ट बसवून, हिऱ्याच्या करवतीनें कापून, घांसून कांहीं मायक्रॉनचा काप काढण्याची पद्धत सिद्ध केली. आतां धातूच्या कडेचा किती भाग हाडाला टेकला आहे, हें टक्केवारीनें सांगतां येऊं लागलें. दोष एवढाच, कीं त्यासाठीं प्राणी मरावा लागतो.

दुसरें माप बळाचें. मूळ उलटें पिळावयाचें आणि तें कोणत्या पिळाला सुटतें तें पाहावयाचें. अथवा गुळगुळीत दांडा हाडांतून सरळ ढकलून काढावयाचा आणि लागलेलें बळ मोजावयाचें. योहान्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनीं १९८७ सालीं सशांवर केलेल्या प्रयोगांत तीन आठवड्यांनीं सुमारें ११ न्यूटन-सेंटिमीटर पीळ पुरला, तीन महिन्यांनीं ६८ लागला, वर्षअखेर ८८. धातूचें हें मूळ काळाबरोबर घट्ट होत गेलें. मात्र ढकलण्याच्या प्रयोगांत एक गोम आहे. हाडाच्या तुकड्याखालीं आधाराच्या फळीला जें भोंक असतें, तें दांड्याच्या फार जवळ असलें कीं आंकडा फुगतो. डेर्ट व त्याचे सहकारी यांनीं १९९२ सालीं गणितानें दाखविलें, कीं दांड्याच्या चोहोंकडे निदान ०·७ मिलिमीटर मोकळी जागा हवी. म्हणजे दोन प्रयोगशाळांचे आंकडे शेजारीं मांडण्यापूर्वीं दोघांच्या फळ्यांचीं भोंकें विचारावीं लागतात!

आतां लेपाची कथा. टायटॅनियमला हाड स्वीकारतें खरें, पण त्याला वेळ लागतो. मग असा विचार पुढें आला, कीं धातूला हाडाच्याच खनिजाचें कवच घातलें तर हाडाला परकेपणा वाटणारच नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत हायड्रॉक्सिॲपॅटाइटची भुकटी अतितप्त वायूच्या झोतांतून धातूवर मारून असे लेप देऊं लागले. त्या झोताच्या गाभ्याची उष्णता दहा हजार अंशांच्याही वर जाते. लेपाची जाडी साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. लंडनच्या फर्लाँग यानें १९८५ सालीं असा लेप दिलेला कृत्रिम खुबा माणसांत बसविला. दंतवैद्यकांतही अशीं मुळें लवकरच आलीं आणि त्यांची जाहिरात जोरांत झाली.

जाहिरातीला आधार नव्हता असें नाहीं. स्वित्झर्लंडमधील बूझर आणि त्याचे सहकारी यांनीं १९९१ सालीं लहान जातीच्या डुकरांच्या हाडांवर निरनिराळे पृष्ठभाग ताडून पाहिले. चकचकीत घांसलेल्या धातूला सुमारें २० ते २५ टक्के भागावर हाड भिडलें. वाळूच्या माऱ्यानें खडबडीत करून आम्लानें कोरलेल्या धातूला ५० ते ६० टक्के. हायड्रॉक्सिॲपॅटाइटच्या लेपाला ६० ते ७० टक्के. लेपाची बाजू जिंकली असें येथें म्हणतां येईल. परंतु त्याच संशोधकांनीं त्याच निबंधांत आणखी एक गोष्ट नोंदविली : लेप ठिकठिकाणीं विरघळत व झिजत होता.

पितळेच्या भांड्याला कल्हई लावणारा गृहस्थ ही अडचण चटकन् ओळखील. लेप दिला कीं सांधे एकाचे दोन होतात. हाड आणि लेप हा एक. लेप आणि धातू हा दुसरा. हाडानें लेपाला कितीही प्रेमानें कवटाळलें, तरी लेपच धातूपासून सुटला तर त्या प्रेमाचा उपयोग काय? ढकलून काढण्याच्या कित्येक प्रयोगांत असेंच दिसून आलें, कीं तुटला तो हाडाचा सांधा नव्हे, लेपाचा. तेव्हां जो आंकडा हाडाच्या पकडीचा म्हणून छापला गेला, तो वस्तुतः कल्हईच्या पकडीचा होता.

म्हणून लेपाची स्वतंत्र परीक्षा ठरविली गेली. लेप दिलेल्या चकतीला बळकट राळेनें दुसरा दांडा चिकटवितात आणि यंत्रानें दोन्हीं बाजूंनीं ओढतात. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें हायड्रॉक्सिॲपॅटाइटच्या लेपाची पकड निदान १५ मेगापास्कल असावी लागते. म्हणजे एक चौरस सेंटिमीटर लेपाला सुमारें दीडशें किलोंचें ओझें टांगलें तरी तो सुटतां कामा नये. याशिवाय लेपाची स्फटिकताही पाहतात. अतिउष्णतेनें भुकटीचा कांहीं भाग स्फटिकरूप न राहतां कांचेसारखा होतो, आणि असा भाग शरीराच्या द्रवांत लवकर विरतो. त्यांतून मुखांत जंतूंची वस्ती कायमची. हिरडीपाशीं लेप उघडा पडला कीं ते तेथें ठाणें देतात. खुब्याच्या सांध्यांत ही आपत्ति तितकी नाहीं. म्हणून तेथें हा लेप टिकून राहिला, आणि दंतवैद्यकांत मात्र जाड लेपाचा मान हळूहळू कमी होऊन खडबडीत केलेल्या, कोरलेल्या टायटॅनियमचा मान वाढला.

येथवर जीं मापें सांगितलीं त्यांत मापल्यानंतर वस्तु उरत नाहीं. रुग्णाच्या तोंडांतलें मूळ मात्र पिळून किंवा कापून पाहतां येत नाहीं. तेथें पुन्हां आपला वालावलचा गवंडी आठवावा. दंतवैद्य प्रारंभीं आपल्या आरशाच्या दांड्यानें मुळावर टिचकी मारून ऐकत असत. खणखणीत आवाज शुभ, बद्द आवाज अशुभ. कानाच्या जागीं यंत्र आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनींतील ट्यूबिंगेनच्या शुल्टे यानें केला. त्याच्या उपकरणांतली बारीक दांडी चार सेकंदांत सोळा टिचक्या मारिते आणि उणे ८ पासून ५० पर्यंतच्या मापपट्टीवर उत्तर देते. आंकडा जितका लहान तितकें मूळ स्थिर. १९९६ सालीं मेरेडिथ यानें दुसरी वाट काढली. फूटपट्टी टेबलाच्या कडेला दाबून तिचें बाहेरचें टोंक छेडलें तर ती थरथरते. पट्टी जितकी घट्ट धरावी तितका तिचा स्वर उंच. त्याच न्यायानें मुळावर एक लहानसा खुंट बसवून त्याला कंप देतात आणि त्याचा नैसर्गिक स्वर मोजतात. आज हें माप १ ते १०० अशा अंकांनीं सांगतात. साठाच्या खालीं काळजी, सत्तरीच्या वर समाधान, असा स्थूल संकेत आहे.

परंतु हा स्वर नेमकें काय सांगतो? तो मुळाची एकंदर ताठरता सांगतो. हाड लेपाला जिवंतपणें जडलें आहे कीं नुसतें दाटीवाटीनें दाबून बसलें आहे, हें एका दिवसाच्या आंकड्यावरून कळत नाहीं. मूळ बसविल्या दिवशीं जी घट्टी असते ती सुताराच्या खिळ्याची. नंतर जी येते ती झाडाच्या मुळाची. पहिली ओसरत असते आणि दुसरी अजून भरावयाची असते, अशा दुसऱ्या ते चवथ्या आठवड्याच्या सुमारास मूळ सर्वांत हळवें असतें. म्हणून शहाणा वैद्य एक आंकडा पाहून निर्णय करीत नाहीं. आंकड्यांची चाल पाहतो.

आणि सर्वांत मोठें माप काळाचेंच. आल्ब्रेक्टसन आणि त्याचे सहकारी यांनीं १९८६ सालीं यशाच्या कसोट्या ठरविल्या, त्यांत मूळ हलूं नये, दुखूं नये, आणि पहिल्या वर्षानंतर भोंवतालचें हाड दरसाल ०·२ मिलिमीटरपेक्षां अधिक उतरूं नये, असें सांगितलें. पांच वर्षांअखेर निदान ८५ टक्के आणि दहा वर्षांअखेर निदान ८० टक्के मुळें या कसोटीला उतरलीं तरच ती पद्धत यशस्वी म्हणावी, असें त्यांचें म्हणणें. पहिल्या महिन्यांतल्या टक्केवारीवर भाळून गेलेल्या लेपांच्या काळांत ही कसोटी फार मोलाची ठरली. कारण ६० ते ७० टक्के हा आंकडा खोटा नव्हता. तो अपुऱ्या काळाचा होता. खऱ्या आंकड्यानेंही माणसाची फसगत होते ती अशी.

आपल्या देशांत दंतवैद्यकाचें पहिलें महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें, आणि दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीं झाला. त्या काळीं कवळी हाच दांत गेलेल्याचा आधार होता. आज तालुक्याच्या गांवींही कृत्रिम मुळें बसवून मिळतात. सोय वाढली ही आनंदाची गोष्ट. परंतु सोयीबरोबर विचारण्याची संवयही वाढली पाहिजे. कोणीं आपल्याला लेपाची थोरवी सांगितली तर आपण विनयानें तीन प्रश्न विचारावे : ही पकड कोणत्या सांध्याची मोजली, हाड आणि लेप यांची कीं लेप आणि धातू यांची? ती कोणावर मोजली, सशावर कीं माणसावर? आणि किती काळानंतर मोजली? या तीन प्रश्नांना सरळ उत्तर देणारा वैद्य भेटला तर त्याच्या हातीं जबडा निर्धास्तपणें द्यावा.

वालावलच्या त्या भिंतीपाशीं परत येऊन मी आपली रजा घेतों. गवंडी ठोकून ऐकतो. पण तो चांगला गवंडी असेल तर एवढ्यावर थांबत नाहीं. तो विचारतो, चुना कधीं लावला होता, किती पावसाळे गेले, आणि पाणी कोणत्या बाजूनें येतें. भरीव आवाज ही आजची साक्ष. पावसाळे ही काळाची साक्ष. पुढच्या वेळीं दांतांच्या दवाखान्यांत कोणीं आपल्या नव्या मुळाचा आंकडा वाचून दाखविला, तर तो लिहून घ्यावा, जपून ठेवावा, आणि वर्षभरानें पुन्हां जाऊन दुसरा आंकडा मागावा.